ॲरिझोना स्टेटची मुलींची गोल्फ टीम: पुण्याहून लेकीला पाठवण्याआधी

ताई, तुमची लेक अकरावीत आहे, पुण्यात गोल्फ खेळते आणि बारावीनंतर तिला अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या टीममध्ये यायचंय. तिथे मुलींच्या खेळाला खरंच किंमत आहे की नुसतं नाव मोठं, हा तुमचा प्रश्न. मी बरीच वर्षं टेम्पीत, म्हणजे याच विद्यापीठाच्या गावी राहते, मॅचेस जवळून पाहते, म्हणून सविस्तर लिहिते.

किंमत आहे, आणि ती आयती मिळालेली नाही. जोॲन गंडरसन (पुढे कार्नर नावाने गाजलेली) हिने १९६० साली इथे शिकत असतानाच विद्यापीठांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा जिंकली. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलींना डावलायचं नाही, हा 'टायटल नाइन' कायदा आला १९७२ मध्ये. १९७५ ला टीमने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा मुलींच्या स्पर्धा त्यांची वेगळी संघटना भरवत होती. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची मोठी संघटना, एनसीएए, हिने मुलींचं गोल्फ हाती घेतलं ते थेट १९८२ मध्ये.

खरं घर बांधलं ते प्रशिक्षक लिंडा व्होल्श्टेट यांनी. १९८० ते २००१ अशी एकवीस वर्षं त्या एकाच जागी राहिल्या आणि १९९०, ९३, ९४, ९५, ९७, ९८ अशी सहा एनसीएए विजेतेपदं आणली. मधलं ९६ चं गेलं ते टुसानच्या ॲरिझोना विद्यापीठाकडे. ते वेगळं विद्यापीठ बरं का! जगप्रसिद्ध गोल्फपटू ॲनिका सोरेनस्टाम तिथली, इथली नव्हे. आपल्याकडे ही गल्लत फार होते.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मिसी फार-के यांची गोष्ट. १९९० च्या विजेत्या टीममध्ये त्या खेळाडू होत्या. त्यांची बहीण हेदर फार, हीदेखील इथलीच खेळाडू, १९९३ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेली. पुढे मिसींनाही तोच आजार झाला. त्यातून उठून त्या २००९ च्या विजेतेपदावेळी सहाय्यक प्रशिक्षक होत्या आणि २०१७ ला मुख्य प्रशिक्षक म्हणून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला हरवून आठवं एनसीएए विजेतेपद घेऊन आल्या. त्या वर्षी वैयक्तिक विजेती मोनिका वॉनही याच टीमची. म्हणून सांगते, ट्रॉफ्या मोजण्याआधी प्रशिक्षक माणूस म्हणून कसे आहेत ते बघा. घरापासून इतक्या लांब मुलीच्या पाठीशी तेच उभे राहणार असतात.

आता व्यवहाराचं. स्पर्धेत पाच जणी उतरतात आणि रोज त्यातल्या चांगल्या चौघींचे स्कोअर धरतात. टीममध्ये नाव आलं म्हणजे खेळायला मिळालं असं नाही. पहिल्या वर्षी किती जणी दौऱ्यावर जातात, हे प्रशिक्षकांना स्पष्ट विचारा. स्कॉलरशिपचे नियम २०२५ पासून बदललेत: पूर्वी एका टीमला सहा पूर्ण स्कॉलरशिपांची मर्यादा होती, आता नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांत ती गेली आणि टीम जास्तीत जास्त नऊ जणींची ठरली. म्हणजे पैसा वाढू शकतो, पण जागा मोजक्याच. किती वर्षांसाठी किती टक्के, ते लेखी घ्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर दर सत्राला किमान बारा क्रेडिट्स घ्यावीच लागतात, दौरा असो नसो. त्यामुळे प्रवासात विमानतळावर लॅपटॉप मांडीवर घेऊन अभ्यास करायची सवय आत्तापासूनच लावा.

टीमचं घरचं मैदान, कार्स्टन, २०१९ मध्ये बंद झालं. आता सराव शेजारच्या फिनिक्स शहरातल्या पापागो मैदानावर, लालसर टेकड्यांच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर जातो, म्हणून पहाटेच मैदानावर. शरद ऋतूत इथली बरीच मैदानं काही आठवडे बंद ठेवून बर्म्युडा गवतात हिवाळ्याचं राय गवत पेरतात. तेव्हा लेकीला मैदान दाखवायला ऑक्टोबरात आणू नका, नोव्हेंबरच्या शेवटी या. उतरायला आमचं घर आहेच, आणि पापागोला मी स्वतः घेऊन जाईन.