शक्ती मागत होतो, आणि दारात आलेली माणसं परत पाठवत होतो

ताई, सलाम. तुमची पोस्ट रात्री दोनदा वाचली. सासूबाई लकव्याने खाटेवर, घरधनी कामासाठी पुण्याला, तीन एकर वावर तुमच्या एकटीच्या अंगावर. रोज पहाटे गुडघे टेकूनही अंगात बळ येत नाही, म्हणून तुम्ही विचारता, माझा विश्वास कमी पडतो का? सहा वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरी, आईच्या बाजेजवळ बसून मी हेच विचारत होतो.

प्रार्थना करा, वचन वाचा, हे सांगत बसत नाही. ते तुम्ही करताच. मला माझी चूक सांगायची आहे.

'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे' हे बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:13 (चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन) मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून बाजेच्या वर चिकटवलं होतं. पण त्यातलं 'मी सर्वकाही' एवढंच मनात धरलं. उपासना सुटली की पाळकसाहेब विचारायचे, काही मदत पाहिजे का? मी म्हणायचो, प्रभूचं सामर्थ्य आहे साहेब, चाललंय. महिला मंडळातल्या दोन मावश्या आळीपाळीने रात्री बसायला तयार होत्या. त्यांनाही नको म्हटलं. मदत घेतली तर आपली साक्ष खोटी पडेल, असं वाटायचं. तो विश्वास नव्हता ताई, अहंकार होता.

नोव्हेंबर होता, कापसाचा वेचा सुरू होता. मजूर मिळेनात, म्हणून दिवसभर मी वावरात. रात्री दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, त्यासाठी मोबाइलवर गजर लावायचो. एका रात्री गजर बंद केला आणि तसाच झोपलो. त्या आठवड्यात असं किती वेळा झालं, मलाच माहीत नाही. रविवारी अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी रंग बदलेना. चौथ्या दिवशी तिथली कातडी निघाली. जखम भरायला पाच महिने लागले. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काहून रे बाप्पा एकटाच मरून राह्यला? देवानं माणसं काय नुसती पाह्यासाठी देल्ली का?"

नंतर ते पत्र पुढे वाचलं. लगेचच्या 14 व्या वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या मंडळीला म्हणतो, माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरं केलंत. तो कैदेत होता. मंडळीने आपल्यातल्या एपफ्रदीताच्या हाती त्याच्यासाठी देणगी पाठवली होती, आणि त्या सेवेत एपफ्रदीत स्वतः मरणाच्या दारी जाऊन आला. पौलाने ती देणगी परत पाठवली नाही. 4:13 वाचणाऱ्याने 4:14 वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बायबलच्या निर्गम पुस्तकात, 17 व्या अध्यायात, लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले, तेव्हाही अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. कोणाला हा अर्थ पटला नाही तर आपल्या पाळकांना विचारा.

एका कार्यालयाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, नाव घेत नाही. आईच्या श्रावणबाळ योजनेसाठी, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनसाठी, पाच चकरा झाल्या. वर्षाला 21,000 च्या आतल्या उत्पन्नाचा दाखला आणा. आणला, तर तो जुना झाला. मग आधारवरचं नाव रेशनकार्डाशी जुळत नाही. शेवटी म्हणे, बाईलाच समोर आणा. पाठीला जखम असलेल्या बाईला ऑटोत आडवी करून 20 किलोमीटर नेलं, तर साहेब मीटिंगला गेलेले. चालत्याबोलत्या माणसाला फिरवा हवं तर, खाटेवरच्या म्हातारीला काय फिरवता? बाहेरच्या लिंबाखाली उभा राहून पाळकसाहेबांना फोन लावला आणि पहिल्यांदा तोंडातून निघालं, "साहेब, माझ्यानं होत नाही." 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे बायबलचं वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत होतो. त्याचा अर्थ त्या लिंबाखाली कळला. दुसऱ्या दिवशी मंडळीतला एक पोरगा फाइल घेऊन गेला, पुढच्या चकरा त्याने मारल्या.

जाता जाता, मी डॉक्टर नाही, पण सासूबाईंच्या पाठीला लाल डाग दिसला तर तिथे चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. हवेची गादी मिळाली तर घ्या. ती असली तरी कूस बदलणं चुकवू नका.

आणि येत्या रविवारी उपासना सुटली की एखाद्या बाईला गाठा. नुसतं 'प्रार्थनेत आठवण ठेवा' म्हणून घरी येऊ नका. ठरावीक काय ते मागा, बुधवारची रात्र मागा. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या रात्री मी दुसऱ्या खोलीत सहा तास सलग झोपलो. अधूनमधून त्यांचं गीत कानावर येत होतं, आईही हळू आवाजात मागून म्हणत होती. सकाळी उठलो तेव्हा आईची कूस बदललेली होती आणि चूल पेटलेली होती.