उंच मुलासाठी कोणता बर्थ?

प्रश्न : मुलगा ६ फूट ३ इंच, सोलापूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला जातो. मागच्या वेळी साइड लोअर आला तर पोरगं रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन पडलं. काय करावं ओ?

उत्तर : ताई, साइडचा नकोच. तो मुळात आखूड, वर दोन्ही टोकांना पार्टिशन, पाय जाणार कुठं? आतला अप्पर घ्या, तिथं पायाकडची बाजू पॅसेजला उघडी असते, पावलं बाहेर आली तरी चालतं, लोअरला मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बॅगा घासतात न् झोपमोड होते. थ्री एसी इकॉनॉमी शक्यतो टाळा, साध्या एलएचबी (नव्या पद्धतीचे डबे) थ्री एसीत ७२ बर्थ, इकॉनॉमीत तेवढ्याच डब्यात ८०च्या आसपास कोंबलेत. दिवसा पुण्याला जाताना पॅसेजकडची सीट घ्या, निदान एक पाय तरी सरळ होतो.