सामाजिक शास्त्रांची परीक्षा रद्द व्हावी का?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलगी आठवीत आहे. राज्याच्या सामाजिक शास्त्रांच्या परीक्षेसाठी ती सनावळ्या घोकत असते. ही परीक्षा रद्दच का करत नाहीत?

उत्तर : आपली तळमळ मी समजू शकतो, तरीही परीक्षा रद्द व्हावी असे मला वाटत नाही. अमेरिकेच्या 2015च्या शिक्षण कायद्याने वाचन, गणित आणि विज्ञान यांच्याच परीक्षा राज्यांवर बंधनकारक केल्या असल्यामुळे इतिहास-नागरिकशास्त्राची परीक्षा घेणे हा टेक्सासचा स्वतःचा निर्णय आहे. आणि ज्या विषयाची परीक्षा नसते, त्याचे तास गणिताकडे वळतात, हे आपल्याकडच्या शाळांतूनही आपण पाहिले आहेच. अमेरिकेतल्या 2022च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीचे अवघे 13 टक्के विद्यार्थी इतिहासात प्रावीण्याच्या पातळीला पोहोचले, तर नागरिकशास्त्रात 22 टक्के.

घोकंपट्टीचे मूळ मात्र अभ्यासक्रमात आहे. आठवीचा अमेरिकेचा इतिहास 1877पाशी थांबतो आणि त्यात इतके काही कोंबलेले आहे की, गुलामगिरी का टिकली यावर वर्गात चर्चा करायला वेळच उरत नाही. निवडून आलेल्या 15 सदस्यांच्या राज्य शिक्षण मंडळाने सप्टेंबर 2025मध्ये नवा आराखडा स्वीकारला. त्यात टेक्सास आणि अमेरिकेच्या इतिहासाला अधिक वजन आहे, पण सहावीचा जागतिक संस्कृतींचा स्वतंत्र विषय वगळला आहे. मला हे खटकते, कारण वर्गातल्या इतर मुलांना भारताची ओळख होण्याची जागा तीच होती. मंडळ जाहीर सुनावणीत पालकांचे म्हणणे ऐकते. तिथे आपण अवश्य बोला, शक्य झाल्यास मुलीलाही सोबत न्या.