पुढच्या जेवणाची शाश्वती नसेल तर मन आजारी पडतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. घरातलं अन्न महिनाअखेरपर्यंत पुरेल की नाही, या धास्तीने नैराश्य येऊ शकतं का, की खरं कारण गरिबी आणि अन्न हे नुसतं निमित्त? आणि मनाच्या आजारावर औषध देणाऱ्या डॉक्टरांना घरातली टंचाई सांगायची का?

पहिल्याचं उत्तर हो. त्यासाठी पोट रिकामंच असायला हवं असंही नाही.

लहानपणी आमच्या घरात अशी दोनेक वर्षं गेली. मी उपाशी झोपले असं फारसं झालं नाही. लक्षात राहिलाय तो डब्याच्या झाकणाचा आवाज. आई डबा उघडून आत बघायची, झाकण लावायची आणि थोड्या वेळाने तोच डबा पुन्हा उघडायची. "मला भूक नाही" म्हणायची आणि आम्ही ते खरं मानायचो. दारात कोणी आलं की तिचा चेहरा उतरायचा. हळूहळू तिने लोकांकडे जाणंच सोडलं, आणि लोक म्हणायला लागले की ही फार माणूसघाणी झालीय.

उपास करणाऱ्याला तो कधी सुटणार हे ठाऊक असतं. इथे नेमकं तेच ठाऊक नसतं. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना अन्न-असुरक्षितता मोजायला 8 प्रश्न विचारते. त्यातला पहिला प्रश्न जेवण चुकलं का, हा नाहीच. पैशाअभावी अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का, हा आहे. अख्खा दिवस न जेवता काढला का, हे सगळ्यात शेवटी येतं. (आता मोजपट्टीतच काळजी धरल्यावर तिचा मनाशी संबंध दिसणारच, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अगदीच चुकीचा नाही.)

निव्वळ भूक मनाचं काय करते, हेही पाहिलं गेलंय. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. वजन साधारण एक चतुर्थांश उतरलं. पण मनाचे हाल जास्त बोलके आहेत. चिडचिड, उदासी, एकमेकांपासून तुटणं. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, पुढ्यातल्या घासाशी कितीतरी वेळ खेळत राहायचे. एकाने कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडली आणि ते मुद्दाम केलं की चुकून झालं, हे त्याला स्वतःलाही नक्की सांगता आलं नाही. या सगळ्यांना प्रयोग कधी संपणार हे माहीत होतं, आणि समोर पोरं ताटाकडे बघत बसलेली नव्हती.

मग गरिबीचं काय? 2017 साली 149 देशांतली माहिती घेऊन झालेला एक अभ्यास आहे. उत्पन्न वगैरे फरक हिशेबात धरूनही, अन्नाची असुरक्षितता जितकी तीव्र तितकी मनाची अवस्था वाईट, असंच त्यात दिसलं. अर्थात एकदाच केलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. माझ्या मते ते दोन्ही बाजूंनी चालतं. नैराश्यात माणूस अंथरुणातून उठत नाही, काम सुटतं, मदतीचा अर्ज भरायचाही राहतो, मग घरात आणखी ओढाताण.

डॉक्टरांना मात्र नक्की सांगा. लाज वाटेल, तरी सांगा. ल्युरासिडोन नावाचं मनाच्या आजारावरचं औषध किमान 350 कॅलरींच्या जेवणासोबत घ्यायचं असतं, उपाशीपोटी ते अंगाला पुरेसं लागतच नाही. ओलान्झापिन या तशाच दुसऱ्या औषधाने उलट भूक खवळते, आणि डबा रिकामा असलेल्या घरात ती वेगळीच शिक्षा. टंचाई माहीत नसेल तर गुण येत नाही म्हणून डॉक्टर गोळी वाढवतील किंवा बदलतील. तुमची गोळी कुठली ते मला माहीत नाही, म्हणून मनानेच ती बंद करू नका. बोलायला जड जात असेल तर चिठ्ठीवर एवढंच लिहून द्या: "गेल्या महिन्यात इतके दिवस घरात पुरेसं जेवण नव्हतं. गोळी बहुतेक वेळा रिकाम्या पोटी घेतली."