सबसिडी नाकारली? आधी ‘नाही’ कोण म्हणालं ते शोधा

पीएम आवास शहरी २.० या केंद्राच्या घर योजनेत होम लोनवर मिळणाऱ्या व्याज सबसिडीबद्दल इतक्या जणांनी लिहिलंय की या वेळचं सदर त्यालाच दिलं. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, चार घेतलीत.

प्रश्न: होम लोन मंजूर झालं, हप्ते पण चालू झाले, पण सबसिडीचा अर्ज रिजेक्ट. बँकेत विचारलं तर म्हणतात वरून आलंय, आमच्या हातात काही नाही. अपील करायचं कुणाकडे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: दादा, ‘वरून आलंय’ एवढं ऐकून घरी परतायचं नाही. मुळात हे दोन वेगळे निर्णय आहेत. कर्ज द्यायचं की नाही ते बँक ठरवते, तुमचा पगार, सिबिल, घराचे कागद बघून. सबसिडी मात्र केंद्र सरकारची, बँक ती फक्त नोडल एजन्सीकडून, म्हणजे सरकारने या कामासाठी नेमलेल्या संस्थेकडून, मागून देते, आणि अशा एजन्सी तीन आहेत, नॅशनल हाउसिंग बँक, हुडको आणि स्टेट बँक. म्हणून आधी चार गोष्टी लेखी मागा: तुमची बँक यातल्या कुणाला जोडलीय, अर्ज क्रमांक काय, तो पुढे कधी पाठवला आणि नाकारायचं कारण काय. अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच कुणी करत नाही. कधी कधी कारण एवढंसंच निघतं, आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं किंवा घरातल्या एकाचा आधार जोडायचाच राहिला, मग अपील कसलं, दुरुस्ती करून परत पाठवायला सांगायचं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढचं दार. कर्ज बँकेचं असेल तर आरबीआयचा लोकपाल, तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेचं ग्रिड्स हे तक्रारीचं पोर्टल. आणि बँकेने सगळं वेळेत पाठवलं होतं, अडकलंय ते एजन्सी किंवा मंत्रालयाकडे, असं असेल तर सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाका. तिथे निपटाऱ्यासाठी २१ दिवसांची मुदत ठरवलेली आहे, आणि गुळमुळीत उत्तर देऊन तक्रार बंद केली तर तिथेच अपीलही करता येतं. लोकपालाकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका, ‘याला कर्ज द्याच’ असं तो बँकेला सांगत नाही, तो बँकेचा धंद्याचा निर्णय. पण अर्ज पुढे पाठवलाच नाही, महिनोन्महिने दाबून ठेवला, कारण लेखी दिलं नाही, या तक्रारी तिथे चालतात.

प्रश्न: वडील वारल्यावर गावच्या घराला नमुना आठवर (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) आई, भाऊ आणि माझं नाव लागलं. मी बायको-मुलांसह पुण्यात भाड्याने राहतो. मला सबसिडी मिळेल का, की हक्कसोड करून देऊ? – एक वाचक, पुणे

उत्तर: नियम असा आहे की नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं हे एक कुटुंब, आणि त्यातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, मग ते गावात असो की शहरात. शिवाय गेल्या २० वर्षांत कुठल्या सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. वडिलांच्या नावावर घर होतं तोवर तुम्हाला अडचण नव्हती, कारण लग्नानंतर तुमचं कुटुंब वेगळं. आता वारस म्हणून तुमचंच नाव लागलंय, तिथे घोडं अडतं. घर कच्चं असेल, मातीच्या भिंती वगैरे, तर फोटो आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. पक्कं असेल तर लपवू नका, उतारा जोडून हिस्सा किती ते लिहा आणि बँकेकडून लेखी उत्तर घ्या. हक्कसोडीचं म्हणाल तर सबसिडी जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि एकदा रजिस्टर केलेला हक्कसोड सहजासहजी मागे घेता येत नाही. एवढ्यासाठी वाडवडिलांच्या घरावरचं नाव काढायचं, मला तरी हा सौदा पटत नाही.

प्रश्न: माझं वर्षाचं उत्पन्न ५ लाख २० हजार, मिस्टरांचं ४ लाख १० हजार. फक्त माझंच दाखवलं तर बसेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही ताई. उत्पन्न पूर्ण कुटुंबाचं धरतात. ३ लाखांपर्यंत ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), ६ पर्यंत एलआयजी (अल्प उत्पन्न), ९ पर्यंत एमआयजी (मध्यम उत्पन्न), आणि तुमची बेरीज ९ लाख ३० हजार होते. खोटं लिहून दिलं आणि पुढे उघड झालं तर पैसे परत भरावे लागतील. म्हाडाच्या लॉटरीच्या मर्यादा वेगळ्या असतात, तिकडे चौकशी करा. बाकीच्यांसाठी सांगून ठेवतो, घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत आणि कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) १२० चौरस मीटरपर्यंत लागतो, आणि कर्ज १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर होऊन हातात आलेलं हवं. (३५ लाखांत मोठ्या शहरात घर कुठे मिळतं ते विचारू नका, मलाही तोच प्रश्न पडतो.)

प्रश्न: २० लाखांचं कर्ज आहे, सबसिडीचा पहिला हप्ता आला. आता जमीन विकून ११ लाख हातात आलेत, भरून टाकू का? – एक वाचक, सांगली

उत्तर: थांबा जरा! ही सबसिडी एकदम येत नाही, वर्षाला एक असे पाच हप्ते येतात, आणि प्रत्येक वेळी कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. ११ लाख भरले की मुद्दल ९ लाखांवर आलं, म्हणजे राहिलेले चार हप्ते गेले. त्यात ईएमआयमधूनही मुद्दल दर महिन्याला थोडं थोडं उतरतच असतं, त्यामुळे पाचव्या हप्त्यापर्यंत १० लाखांच्या वर किती राहील याचा तक्ता बँकेकडून काढून घ्या आणि तेवढंच पार्ट पेमेंट करा. उरलेल्या पैशांवर चार वर्षांत जास्तीचं व्याज किती जातंय तेही त्याच तक्त्यात बघा, कारण ते सबसिडीपेक्षा जास्त निघालं तर सरळ भरून मोकळे व्हा.