त्या जगातल्या वाचकासाठी लिहा

पर्यायी इतिहासातलं, म्हणजे इतिहास वेगळा घडलेल्या जगात छापलेलं, काल्पनिक पुस्तक रचायला घेतलंत, फार छान. पण ‘वॉटर्लूला नेपोलियन जिंकला’ हे त्यात ठासून सांगू नका. त्या जगातल्या वाचकाला ते शाळेपासून ठाऊक आहे, त्याला कोण कशाला समजावत बसेल? बदल आडून कळू द्या.

लंडनचा वॉटर्लू पूल घ्या. बांधायला काढला तेव्हा तो स्ट्रँड पूल होता. खऱ्या इतिहासात वॉटर्लूला नेपोलियन हरला, त्या विजयाची आठवण म्हणून इंग्रजांनी नाव बदललं आणि १८ जून १८१७ रोजी तो खुला झाला. तुमच्या १८४० सालच्या प्रवासवर्णनात लेखक ‘स्ट्रँड पुलावरून पलीकडे गेलो’ असं सहज लिहून गेला, की जाणकार वाचक तिथेच थबकतो. पानभर लढाईच्या वर्णनात ही मजा नाही.

आणि जे बदलायचं कारण नाही, त्याला हात लावू नका. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा मोठा उद्रेक एप्रिल १८१५ मधला, म्हणजे लढाईच्या दोन महिने आधीचा. कुणीही जिंको, त्या उद्रेकामुळे पश्चिम युरोपात १८१६ चा उन्हाळा गारठलेला जाणार, पिकं बुडणार, धान्य महागणार. हे भान सुटलं की सगळं पुस्तक मला खोटं वाटायला लागतं.

मुखपृष्ठ वगैरे नंतर बघू. प्रस्तावना मात्र आधी लिहा: पुस्तक कुणाला अर्पण केलंय, कुणाच्या परवानगीने छापलंय, दुसऱ्या आवृत्तीत कुठलं प्रकरण गाळलंय. पहिल्या खेपेला एवढी दोन पानं झाली तरी पुष्कळ.