झड बाजूने येते, वरून नाही

प्रश्न : नमस्कार ताई. मी चिपळूणचा, वय 36. येत्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर दक्षिणेच्या वॅटर्सेपासून लुईसच्या उत्तर टोकापर्यंत एकट्याने सायकलने जायचं ठरवलं आहे. ग्लासगोला मामेबहीण असते, तिची सायकल वापरणार. हाताशी दहा दिवस आहेत. आजवर ओळखीच्यांच्या काजूच्या बागेत दोन झाडांना हॅमॉक बांधून, वर ताडपत्री ताणून पावसातही छान झोपलो आहे. सगळं मिळून वजन दीड किलोच्या आत. पण बहीण म्हणते, तिथे झाडंच नाहीत. मग सायकल उभी करून तिच्या आधाराने ताडपत्री ताणावी, की बिव्ही बॅग (स्लीपिंग बॅगवर चढवायची पाणरोधक खोळ) घ्यावी, की तंबू? मित्राकडे पवना तलावाकाठी लावतात तसला घुमटासारखा तंबू आहे, तो चालेल का? आणि कापड किती मिलिमीटरचं लागतं?

उत्तर : बहिणीने बरोबर सांगितलं. त्या बेटांवर नाव घेण्यासारखं एकच मोठं रान आहे, लुईसवरच्या स्टोर्नोवे गावातल्या किल्ल्याभोवतीचं, आणि तेही एकोणिसाव्या शतकात मुद्दाम लावलेलं. तिथे पोहोचेपर्यंत तुमचा प्रवास संपत आलेला असेल. हॅमॉक घरीच ठेवा.

मी हा रस्ता दोनदा केला आहे. पहिल्या वेळी तुमच्यासारखाच विचार केला होता, म्हणून आधी तीच गोष्ट सांगते. जन्म रत्नागिरीतला, पावसाची भीती अशी कधी वाटली नाही. आकडे पाहिले तर स्टोर्नोवेला वर्षाचा पाऊस साधारण 1200 मिमी. तुमच्या चिपळूणला तेवढा एकट्या जुलैत पडू शकतो. शिवाय मे-जून हे तिथले त्यातल्या त्यात कोरडे महिने. मी हिशेब केला की एक चांगली ताडपत्री आणि आत बिव्ही बॅग एवढं पुरे. पाऊस किती पडतो ते मी पाहिलं, पण तो कुठून येतो ते पाहिलंच नाही.

साउथ उइस्टवर, हॉमोरच्या अलीकडे, संध्याकाळी नैऋत्येचा वारा होता. ताडपत्रीची एक कड वाऱ्याच्या बाजूला जमिनीलगत घट्ट ठोकली, दुसरी सायकलीच्या आधाराने उचलली, उघडी बाजू ईशान्येला. बाराएकपर्यंत छान होतं. मग पाऊस एकदम थांबला, अर्धा तास शांत गेला आणि वारा फिरून वायव्येकडून सुरू झाला. तिथे असंच होतं. अटलांटिकवरून येणारा पावसाचा पट्टा डोक्यावरून पुढे सरकला की वारा दक्षिण-नैऋत्येकडून पश्चिम-वायव्येला वळतो, आणि बरेचदा आधीपेक्षा जोराने, थंड आणि सरींनी येतो. आता वारा ताडपत्रीच्या बाजूच्या उघड्या टोकातून आत घुसू लागला. शिडासारखी फुगली ती. सायकल आडवी झाली, दोन खुंट्या उपटल्या, आणि पाऊस जमिनीला जवळजवळ समांतर आत आला. आपण कोकणात ज्याला झड म्हणतो ती. आपल्याकडे पावसाळ्याआधी ओसरीला झावळ्यांचे पडदे बांधतात ते कौलं गळतात म्हणून नव्हे, झड आत येऊ नये म्हणून. हे लहानपणापासून पाहत आलेली मी, आणि स्वतःच्या अंथरुणाला ओसरी करून झोपले होते.

थंडी ही दुसरी गोष्ट. आपल्याकडे पावसात भिजलेला माणूस रात्री कुडकुडतो, पण निभावतो. तिथे जूनच्या रात्री पारा आठ-नऊ अंशांवर येतो आणि वारा थांबत नाही. ओल्या कपड्यांत चार तास बसल्यावर माझी बोटं अशी बधिर झाली की बॅगेची चेन ओढता येईना. सुदैवाने उजाडतं लवकर. पहाटे सायकल ढकलत हॉमोरच्या गवताने शाकारलेल्या छोट्या हॉस्टेलवर गेले आणि तिथे शेकोटीशी सगळं वाळवलं. गॅटलिफ हेब्रिडियन हॉस्टेल्स ट्रस्टची अशी तीन हॉस्टेलं या बेटांवर आहेत : हॉमोर, बर्नरे आणि हॅरिसवरचं रेनिगिडेल. नकाशावर आजच खुणा करून ठेवा. तंबू कितीही चांगला असला तरी दहा दिवसांत एक रात्र भिंतींच्या आत काढायची वेळ येते, आणि ती काढावी.

आता ताडपत्रीबद्दल. ती वाईट नाही, फक्त वाऱ्याची दिशा रात्रभर तीच राहील असं धरून चालते. सायकलीचा खांब म्हणून उपयोग तर अजिबात नको. भरलेली सायकल आडवी करून दोरी अडकवायला ती उत्तम, पण उभी असताना तीच वाऱ्याला सापडते. बिव्ही बॅग कोरडी ठेवेल, पण बारा तास पाऊस लागला तर त्यात बसता येत नाही, कपडे बदलता येत नाहीत, घामाची वाफ आतच पाणी होऊन राहते. तरुणपणी एक रात्र ठीक आहे, दहा रात्री नाहीत.

तेव्हा तंबूच. पण मित्राचा नव्हे. ते पवनेकाठचे घुमटी तंबू उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या हवेशीर रात्रींसाठी केलेले असतात. वरचं पाणकापड टोपीसारखं अर्ध्यावर थांबतं, खाली सगळी जाळी. झड थेट जाळीतून अंगावर. दुसरं म्हणजे त्यात आतला तंबू आधी उभा करायचा आणि मग वर कापड टाकायचं. पाऊस-वाऱ्यात ते कापड हातात धरेपर्यंत आतला भाग भिजून चिंब झालेला असतो.

दुसऱ्या खेपेला मी बोगद्यासारखा तंबू नेला आणि तुम्हालाही तोच सुचवते. दोन-तीन कमानी एकामागे एक, लांबट आकार, पायाकडे निमुळता. तुम्ही इरलं पाहिलं असेल. लावणीला वाकलेली बाई पावसाकडे पाठ करते आणि झड पाठीवरून घसरून जाते. या तंबूचं तंत्र तेच. शेपूट वाऱ्याकडे, दार आडोशाला. विकत घेताना पहिला प्रश्न हा विचारा की बाहेरचं कापड आधी उभं राहतं का, म्हणजे आतला कोरडा भाग त्यालाच टांगलेला राहतो का. दुसरा, बाहेरचं कापड चहूबाजूंनी जमिनीपर्यंत येतं का. तिसरा, दाराशी ओल्या बॅगा ठेवण्याइतकी पडवी आहे का. या तिन्हींची उत्तरं हो असतील तर बाकी तडजोड करता येते. एकट्यासाठीसुद्धा दोन माणसांचा घ्या, पावसात अडकून पडलेल्या दिवशी ती जास्तीची जागा सोन्यासारखी वाटते. वजन दोन-अडीच किलोपर्यंत गेलं तरी चालेल. पाठीवर नाही, सायकलीवर वाहायचं आहे. कमानींच्या काठ्यांचे तुकडे आखूड असतील तर पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलीला लटकवायच्या बॅगेत, सहज बसतात, ते मात्र मोजून घ्या.

काही तंबू ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभे राहतात. हलके आणि देखणे असतात, पण सायकलवाल्याकडे त्या काठ्या नसतात, आणि एकेरी कापडाचा तंबू असेल तर आत दमट हवेचे थेंब ठिबकतात. दुहेरीच घ्या.

मिलिमीटरचं विचारलंत. 3000 मिमी म्हणजे त्या कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाणी आत सोडत नाही. वरच्या कापडाला एवढं भरपूर आहे. तळाला मात्र जास्त हवं, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो तेव्हा दाब एकाच ठिकाणी येतो. पण आकड्यामागे फार लागू नका. शिवण नीट बंद केलेली आहे का आणि खुंट्या कशा आहेत, याने रात्र ठरते. कापड सिलिकॉनचं नायलॉन असेल तर ओलं झाल्यावर ते सैल पडतं. झोपायच्या आधी एकदा बाहेर येऊन सगळे ताण ओढायचे, नाहीतर रात्रभर फडफड ऐकत पडायचं.

खुंट्यांसाठी थोडं थांबायला हवं, कारण 297 किलोमीटरच्या या रस्त्यात, दहा बेटांवर, जमीन तीनदा बदलते. उइस्टच्या पश्चिम किनाऱ्याला माखर नावाची जमीन आहे, समुद्राने आणलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याची सपाट गवताळ वाळू. जूनमध्ये फुलांनी भरलेली. तिथे बारीक खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच बाहेर येते. रुंद, लांब खुंट्या लागतात. हॅरिसला पोहोचलात की खडक. हा ‘नाइस’ नावाचा दगड, काही ठिकाणी तीन अब्ज वर्षांचा. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचा. त्यावर खुंटी शिरत नाही. दोऱ्यांच्या टोकाला लांब फास ठेवा आणि ते मोठ्या दगडांभोवती, नाहीतर आडव्या सायकलीला नि भरलेल्या पॅनिअरला अडकवा. पुढे लुईसवर पीट, म्हणजे कुजलेल्या शेवाळाची काळी, स्पंजासारखी जमीन. तिथे लांब खुंटी तिरकी ठोकायची आणि पाणी साचलेल्या जागेपासून हात-दोन हात वर सरकायचं.

लुईसवर अर्नोलचं ब्लॅकहाउस जरूर पाहा. 1966 पर्यंत त्यात माणसं राहत होती. दगडाच्या दोन भिंती, मधे माती भरलेली, कोपरे गोल, छप्पर बाहेरच्या भिंतीच्या आत टेकलेलं, म्हणजे वाऱ्याने खालून उचलायला वळचणच नाही. वाशांना लाकूड कुठून आणणार? समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं. गवताच्या छपरावर दोरांचं जाळं आणि दोरांच्या टोकांना लोंबते दगड. मी त्या घरासमोर बराच वेळ उभी होते. बुटकं, गोलसर, वाऱ्याला पकडू न देणारं, आणि दगडांनी ताणलेलं. झाडं नसलेल्या मुलखात निवारा कसा असावा हे त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जगून ठरवलेलं आहे. तंबूच्या दुकानात उभे असाल तेव्हा ते घर डोळ्यांपुढे आणा.

जागा निवडण्याचं थोडक्यात सांगते. 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये मोकळ्या रानात जबाबदारीने मुक्काम करायचा हक्क आहे, पण कुंपणातलं शेत आणि घरांचं अंगण सोडून. गावाजवळ असाल तर दारावर थाप मारून विचारा, मला एकदाही नाही म्हटलं नाही. जूनमध्ये माखरवर टिटव्यांची आणि कॉर्नक्रेक नावाच्या पक्ष्याची घरटी जमिनीवर असतात. एखादी टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर समजा, तिच्या पिल्लांजवळ आलात, आणि तिथून लगेच दूर जा. याबाबत कृपया हयगय करू नका. दगडी गडग्याचा आडोसा घ्याल तर अगदी चिकटून नको, भिंतीमागे वारा भोवऱ्यासारखा खाली येतो. आणि वारा पडला की मिज येतात, चिलटाएवढे चावरे कीटक, ढगाने. म्हणून आतल्या तंबूची जाळी फार बारीक हवी. वारा आहे तोवर ते उडू शकत नाहीत. वाऱ्याचे एवढे उपकार माना.

दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताय हे उत्तम, बहुतेक दिवस वारा पाठीवर राहील. ओबान बंदरातून वॅटर्सेजवळच्या कॅसलबेची बोट घ्या. सायकलीचं वेगळं भाडं पडत नाही. गॅसचं भांडं विमानात नेता येत नाही, ते ओबानला विकत घ्या, आणि चूल तंबूच्या आत कधीही पेटवू नका, दार उघडं ठेवून पडवीतही नको. रविवारी लुईस-हॅरिसवर बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दोन दिवसांचं खाणं भरून ठेवा.

तंबू आला की तसाच बॅगेत भरून नेऊ नका. तुम्ही निघण्याआधी आपल्याकडे वळवाचा वारा सुरू झालेला असेल. विजा नसताना रत्नागिरीजवळच्या एखाद्या सड्यावर तो उभा करा. जांभ्यावर खुंटी जात नाही, झाड नाही, आडोसा नाही, हॅरिसची यापेक्षा चांगली तालीम महाराष्ट्रात नाही. एकट्याने, हातमोजे घालून, पाच-सहा वेळा. वाऱ्याकडची खुंटी आधी, मग बाकीचं. चिपळूणहून सकाळच्या एसटीने निघालात तर दुपारपर्यंत पोहोचाल. संपादकांकडे कळवा, मीही येईन. वाळूत लागणाऱ्या रुंद खुंट्या माझ्याकडे आठ आहेत, त्या तुम्ही घेऊन जा.